लिनक्सवर आवाज येईनासा झाला, तर बिघाड नेमका कुठे शोधावा?

'आवाज येत नाही' या एका वाक्यामागे निरनिराळे बिघाड दडलेले असतात. कुणाच्या लॅपटॉपला ध्वनिकार्डच सापडलेले नसते, कुणाचा आवाज स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे चाललेला असतो, तर कुणी सहा महिन्यांपूर्वी ब्राउझरचा आवाज बंद करून ते विसरून गेलेले असते. या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला, तर बहुधा आणखी काहीतरी बिघडते. म्हणून कोणतीही सेटिंग बदलण्याआधी बिघाड कोणत्या थरात आहे हे ठरवावे, असा माझा आग्रह आहे. ते ठरवायला दहा मिनिटे पुरतात.

या लेखातील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, त्या अर्थातच रोमन लहान अक्षरांत टंकायच्या आहेत.

आवाजाचा प्रवास

प्रोग्रामने तयार केलेला आवाज स्पीकरपर्यंत तीन टप्प्यांनी पोहोचतो. सर्वांत खाली लिनक्सच्या कर्नलमधील, म्हणजे गाभ्यातील, अल्सा ही व्यवस्था असते. कार्डाचे ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारे प्रोग्राम, तिच्यात असतात आणि कर्नल २.६ पासून ती कर्नलचाच भाग आहे. तिच्यावर ध्वनीसर्व्हर असतो, जो एकाच वेळी वाजणाऱ्या अनेक प्रोग्रामचे आवाज एकत्र करून योग्य त्या कार्डाकडे पाठवतो. सर्वांत वर आपला ब्राउझर, व्हीएलसी, ऑडासिटी किंवा एखादा गेम असतो.

मधल्या थराबाबतच सर्वाधिक गोंधळ होतो. अनेक वर्षे हे काम पल्सऑडिओ करत असे. आता लिनक्सच्या बहुतेक वितरणांत, म्हणजे फेडोरा, उबुंटू यांसारख्या तयार संचांत, ते पाइपवायरकडे गेले आहे. फेडोराने २०२१ मध्ये ३४ व्या आवृत्तीपासून, उबुंटूने २२.१० पासून आणि लिनक्स मिंटने २२ व्या आवृत्तीपासून हा बदल केला. जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून पाइपवायर पल्सऑडिओचीच भाषा बोलते. त्यामुळे प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये 'पल्सऑडिओ' लिहिलेले दिसले, तरी आपल्या संगणकावर पल्सऑडिओच चालू आहे असे समजू नये. खरे काय आहे ते 'पीएसीटीएल इन्फो' ही आज्ञा सांगते. तिच्या उत्तरातील सर्व्हरच्या नावाच्या ओळीत पल्सऑडिओपुढे 'ऑन पाइपवायर' असे लिहिलेले असेल, तर सर्व्हर पाइपवायर आहे. उत्तराऐवजी जोडणी नाकारल्याचा संदेश आला, तर मधला थरच बंद आहे, आणि मग वरच्या प्रोग्रामच्या सेटिंग धुंडाळण्यात काहीच अर्थ नाही.

पाइपवायरसोबत वायरप्लंबर नावाचा आणखी एक प्रोग्राम पार्श्वभूमीला चालतो. कोणता आवाज कोणत्या कार्डाकडे जावा, कोणते साधन मुख्य मानावे आणि कोणत्या प्रोग्रामचा आवाज मागच्या वेळी किती होता, हे निर्णय आणि या आठवणी त्याच्याकडे असतात. पुढे त्याचा उल्लेख पुन्हा येईल.

पहिली परीक्षा: एकच प्रोग्राम मुका आहे, की सगळेच?

दोन वेगवेगळ्या प्रोग्राममध्ये आवाज वाजवून पाहावा, उदाहरणार्थ ब्राउझरमध्ये एखादी चित्रफीत आणि व्हीएलसीमध्ये संगणकावर साठवलेले एखादे गाणे. त्यानंतर टर्मिनलमध्ये 'स्पीकर-टेस्ट -सी २ -टी वॅव्ह' ही आज्ञा द्यावी. डावा आणि उजवा स्पीकर आळीपाळीने बोलू लागले, तर कार्ड, ड्रायव्हर आणि बहुतेक वेळा सर्व्हरही ठीक आहे आणि दोष त्या एका प्रोग्रामपुरता आहे. कंट्रोल आणि सी ही बटणे एकत्र दाबून चाचणी थांबवावी.

यापुढच्या तपासासाठी माझ्या मते सर्वांत उपयोगी साधन म्हणजे 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' हा छोटासा प्रोग्राम. पॅकेजचे नाव 'पाव्हूकंट्रोल' असे आहे. नावात पल्सऑडिओ असले, तरी तो पाइपवायरवरही व्यवस्थित चालतो. ग्नोम आणि केडीई या डेस्कटॉपांच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये यातले पुष्कळसे दिसते, पण एकाच खिडकीत इतके सगळे क्वचितच सापडते.

ज्या प्रोग्रामचा आवाज येत नाही तो वाजता ठेवून या खिडकीतील 'प्लेबॅक' हा कप्पा उघडावा. तिथे वाजणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामची एक पट्टी दिसते आणि तिच्याखाली आवाजाच्या चढउतारासोबत सरकणारी एक बारीक रेघ असते. ही रेघ नीट पाहावी. निम्मे निदान तीच करते.

प्रोग्रामची पट्टीच दिसत नसेल, तर त्याने सर्व्हरकडे आवाज पाठवलेलाच नाही. दोष प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये, त्याला मिळालेल्या परवान्यांमध्ये किंवा फाइलमध्ये आहे. पट्टी दिसते पण रेघ हलत नाही, याचा अर्थ जोडणी झाली आहे, मात्र प्रोग्राम शांतताच पाठवत आहे. त्याचे आतले बटण किंवा ब्राउझरची टॅब म्यूट असण्याची शक्यता मोठी. रेघ हलते आणि तरीही ऐकू येत नाही, तर प्रोग्राम निर्दोष आहे. अशा वेळी पट्टीवरील स्पीकरचे चिन्ह म्यूट नाही ना आणि उजवीकडे लिहिलेले साधनाचे नाव बरोबर आहे ना, हे पाहून 'आउटपुट डिव्हाइसेस' या कप्प्याकडे वळावे.

फायरफॉक्स वापरणाऱ्यांना या यादीत कधीकधी 'स्पीच-डिस्पॅचर-डमी' नावाची पट्टी दिसते आणि काही लोक तिलाच गुन्हेगार समजतात. ती मजकूर वाचून दाखवणाऱ्या सेवेची आहे आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी असते.

चुकीच्या दाराशी गेलेला आवाज

रेघ हलत असूनही शांतता असेल, तर पहिला संशय मॉनिटरवर घ्यावा. एचडीएमआयची केबल जोडताच अनेकदा मॉनिटर हेच आवाजाचे मुख्य साधन ठरते, मग त्याला स्पीकर असोत वा नसोत. 'आउटपुट डिव्हाइसेस'मध्ये एकाहून अधिक साधने दिसतील. त्यांतील हव्या त्या साधनापुढचे हिरवे खुणेचे बटण दाबले की ते मुख्य साधन होते. हवे ते साधन यादीत नसेल, तर 'कॉन्फिगरेशन' कप्प्यात कार्डाचे प्रोफाइल, म्हणजे आवाज कोणत्या मार्गाने बाहेर टाकायचा याची निवड, पाहावे. तिथे डिजिटल एचडीएमआय निवडलेले असेल, तर 'ॲनालॉग स्टिरिओ' असलेला पर्याय घ्यावा. मॉनिटरमधून आवाज कधीच नको असेल, तर ग्राफिक्स कार्डाच्या ध्वनीभागाचे प्रोफाइल 'ऑफ' करून टाकलेले बरे.

हेच काम टर्मिनलमधून करायचे असल्यास 'डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस' ही आज्ञा द्यावी. 'सिंक्स' या शीर्षकाखाली आवाज बाहेर टाकणारी साधने क्रमांकासह येतात. मुख्य साधनाशेजारी तारांकन असते आणि ते बंद असल्यास आवाजाच्या आकड्यापुढे 'म्यूटेड' असे लिहिलेले असते. 'डब्ल्यूपीसीटीएल सेट-डिफॉल्ट' लिहून पुढे हवा तो क्रमांक दिला की साधन बदलते. हे क्रमांक कायमचे नसतात. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की ते बदलू शकतात, म्हणून जुना क्रमांक एखाद्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवू नये.

याच जातीचा एक फसवा दोष आहे. चित्रपटाचे पार्श्वसंगीत ऐकू येते, पण पात्रांचे संवाद येत नाहीत किंवा अगदी क्षीण येतात. फाइल ५.१ वाहिन्यांची असते आणि संवाद मधल्या वाहिनीत असतात. स्पीकर दोनच असताना कार्डाचे प्रोफाइल ५.१ ठेवले असेल, तर मधल्या वाहिनीतला आवाज नसलेल्या स्पीकरकडे जातो. प्रोफाइल स्टिरिओ केले की सर्व वाहिन्या दोन स्पीकरांत मिसळून येतात.

जुन्या आठवणी

एकाच प्रोग्रामचा आवाज दर वेळी शून्यावर येतो किंवा तो नेहमी चुकीच्याच साधनाकडे जातो, तेव्हा वायरप्लंबरची स्मरणशक्ती आड येत असते. प्लेबॅकमध्ये त्या प्रोग्रामचे साधन आणि आवाज एकदा हाताने नीट केला, तर नवी आठवण जुनीची जागा घेते. तेवढ्याने भागले नाही, तर घरच्या फोल्डरमधील 'डॉट-लोकल' या लपलेल्या फोल्डरात 'स्टेट' आणि त्याच्या आत 'वायरप्लंबर' असे फोल्डर सापडेल. त्याचे नाव बदलून ठेवावे आणि लगेच सेवा पुन्हा सुरू करावी. फोल्डर सरळ पुसण्याऐवजी नाव बदलणे शहाणपणाचे, कारण गरज पडली तर मागे येता येते. यात सर्व प्रोग्रामच्या आठवणी जातात, हे मात्र ध्यानात ठेवावे.

सेवा पुन्हा सुरू करण्याची आज्ञा अशी आहे: 'सिस्टमसीटीएल --यूजर रीस्टार्ट पाइपवायर पाइपवायर-पल्स वायरप्लंबर'. तिच्या आधी 'सुडो', म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणारा शब्द, लावू नये. या सेवा लॉगिन केलेल्या वापरकर्त्याच्या नावाने चालतात, प्रशासकाच्या नव्हे. प्रोग्राम 'सुडो' लावून चालवला की त्याचा आवाज जातो, यामागेही हेच कारण आहे, कारण प्रशासकाच्या खात्याला आपल्या सत्रातील ध्वनीसर्व्हर सापडत नाही. सेवा पुन्हा सुरू झाल्यावर काही प्रोग्राम आपणहून जोडले जात नाहीत. ते बंद करून पुन्हा उघडावेत.

प्रोग्रामप्रमाणे दोष

फ्लॅटपॅक या पॅकेज-पद्धतीने बसवलेले प्रोग्राम मर्यादित परवान्यांसह एका कुंपणात चालतात. प्लेबॅकमध्ये अशा प्रोग्रामची पट्टीच उमटत नसेल, तर 'फ्लॅटसील' या प्रोग्राममध्ये त्याला पल्सऑडिओ सॉकेटचा परवाना आहे का ते पाहावे. स्नॅप या तशाच दुसऱ्या पद्धतीच्या बाबतीत 'स्नॅप कनेक्शन्स' लिहून पुढे प्रोग्रामचे नाव दिले की जोडण्यांची यादी येते. आवाज वाजवण्याची 'ऑडिओ-प्लेबॅक' ही जोडणी सहसा आपोआप होते, परंतु मायक्रोफोनसाठीची 'ऑडिओ-रेकॉर्ड' पुष्कळदा हाताने जोडावी लागते. 'गाणी ऐकू येतात पण बैठकीत माझा आवाज कुणाला जात नाही' या तक्रारीचे मूळ कधीकधी इथे असते.

ब्राउझरबाबत टॅबवरील म्यूटचे चिन्ह आधी पाहावे. फायरफॉक्स २०१९ पासून आवाजासह आपोआप सुरू होणारी माध्यमे अडवतो. एखाद्या संकेतस्थळावर चित्र चालू आणि आवाज बंद असे होत असेल, तर पत्त्याच्या पट्टीतील चिन्हावरून त्या संकेतस्थळाला परवानगी द्यावी.

ऑडासिटीचे दुखणे वेगळे आहे. ती अल्साशी थेट बोलते आणि तिच्या साधनांच्या यादीत प्रत्यक्ष कार्डांची नावेही येतात. कार्ड थेट निवडले आणि त्याच वेळी ते सर्व्हरच्या ताब्यात असले, की ध्वनीसाधन उघडता आले नाही असा संदेश येतो. उलट ऑडासिटीने कार्ड आधी पकडले, तर बाकीचे सगळे मुके होतात. यादीतून 'डिफॉल्ट', 'पल्स' किंवा 'पाइपवायर' निवडावे. यांतले एकही चालत नसेल, तर अल्साकडे आलेला आवाज पाइपवायरकडे वळवणारे 'पाइपवायर-अल्सा' हे पॅकेज बसवलेले आहे का ते तपासावे.

कार्ड कुणी अडवून ठेवले आहे हे 'फ्यूजर -व्ही /डेव्ह/एसएनडी/*' ही आज्ञा दाखवते. यादीत पाइपवायर आणि वायरप्लंबर दिसणे स्वाभाविक आहे. 'पीसीएम' हा शब्द असलेल्या ओळीत तिसऱ्याच एखाद्या प्रोग्रामचे नाव असेल, तर तो बंद करून पाहावा.

व्हीएलसीमध्ये ऑडिओच्या प्राधान्यांत आउटपुट मॉड्यूल 'पल्सऑडिओ' किंवा 'स्वयंचलित' ठेवावे. एखादीच फाइल मुकी असेल, तर मात्र दोष ध्वनीव्यवस्थेत नसून कोडेकमध्ये, म्हणजे फाइलमधला आवाज उलगडणाऱ्या भागात, असतो. 'एफएफप्रोब' या आज्ञेपुढे फाइलचे नाव दिल्यास 'ऑडिओ' हा शब्द असलेल्या ओळीत आवाजाचा प्रकार कळतो. तिथे एसी३ किंवा ई-एसी३ असेल आणि फाइल फायरफॉक्समध्ये उघडत असाल, तर आवाज येणार नाही, कारण फायरफॉक्स तो प्रकार वाजवत नाही. फेडोरासारखी वितरणे पेटंटच्या कारणाने काही कोडेक सोबत देत नाहीत आणि ते वेगळ्या भांडारातून घ्यावे लागतात. मिडी फाइल आणखी निराळी, तिच्यात आवाज नसतोच, केवळ सुरांच्या नोंदी असतात. ती वाजवायला फ्लुइडसिंथसारखा प्रोग्राम आणि वाद्यांच्या आवाजांची साउंडफॉन्ट फाइल, दोन्ही लागतात.

ऑर्का हा स्क्रीनरीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन मराठी वाचकांसाठी किंवा त्यांचा संगणक लावून देणाऱ्यांसाठी एक खास परीक्षा सांगण्यासारखी आहे. ईस्पीक-एनजी हा प्रोग्राम मराठी बोलतो. 'ईस्पीक-एनजी -व्ही एमआर' लिहून पुढे अवतरणचिन्हांत 'नमस्कार' द्यावे आणि नंतर हाच शब्द 'एसपीडी-से -एल एमआर' या आज्ञेने बोलवून पाहावा. पहिल्याने शब्द उच्चारला आणि दुसरी आज्ञा गप्प राहिली, तर दोष ऑर्कात किंवा कार्डात नसून मधल्या स्पीच-डिस्पॅचरमध्ये आहे. त्याच्या सेटिंग फाइलमध्ये आवाज बाहेर टाकण्याची पद्धत कोणती दिली आहे ते आधी पाहावे.

सगळेच मुके असतील, तर

आता खालच्या थराकडे जावे. सेटिंगमध्ये 'डमी आउटपुट' एवढेच दिसत असेल, तर सर्व्हरला एकही वापरण्याजोगे कार्ड मिळालेले नाही. 'एप्ले -एल' ही आज्ञा द्यावी. तिने कार्डे दाखवली, तर कर्नलला कार्ड सापडले आहे आणि दोष सर्व्हरमध्ये आहे. वर दिल्याप्रमाणे सेवा पुन्हा सुरू कराव्यात आणि 'जर्नलसीटीएल --यूजर -बी -यू वायरप्लंबर' या आज्ञेने त्याच्या नोंदी वाचाव्यात. जुना पल्सऑडिओ आणि पाइपवायर-पल्स या दोन्ही सेवा एकाच वेळी सुरू नाहीत ना, हेही पाहावे. जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर नेलेल्या संगणकांवर असे होते.

'एप्ले'ने कोणतेही कार्ड सापडले नाही असे सांगितले, तर ड्रायव्हरची किंवा फर्मवेअरची, म्हणजे यंत्रभागात भरावा लागणाऱ्या छोट्या प्रोग्रामची, अडचण आहे. मागच्या काही वर्षांतल्या इंटेलच्या पुष्कळ लॅपटॉपांना साउंड ओपन फर्मवेअर लागते. डेबियनमध्ये त्याचे पॅकेज 'फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड', फेडोरात 'अल्सा-एसओएफ-फर्मवेअर' आणि आर्चमध्ये 'एसओएफ-फर्मवेअर' या नावाने मिळते. 'सुडो डीमेसेज' या आज्ञेच्या लांबलचक उत्तरात 'एसओएफ' किंवा 'एसएनडी' हे शब्द शोधावेत. फर्मवेअरची फाइल सापडली नाही असे तिथे स्पष्ट लिहिलेले असेल, तर पॅकेज बसवून संगणक पुन्हा सुरू केल्यावर बहुधा काम होते.

कार्ड आहे, सर्व्हर आहे, रेघही हलते आहे आणि तरीही शांतता आहे, अशा वेळी 'अल्सामिक्सर' उघडावे. उघडताच एकच उभा स्तंभ दिसला, तर तो सर्व्हरचा असतो, प्रत्यक्ष कार्डाचा नव्हे. एफ६ दाबून यादीतून खरे कार्ड निवडले की मास्टर, हेडफोन, स्पीकर असे अनेक स्तंभ येतात. प्रत्येक स्तंभाच्या पायथ्याशी एक लहान चौकट असते. तिच्यात 'एमएम' असेल तर तो मार्ग बंद आहे, 'ओओ' असेल तर चालू. डाव्या-उजव्या बाणांनी स्तंभावर जाऊन एम हे अक्षर दाबले की एमएमचे ओओ होते आणि वरच्या बाणाने पातळी चढते. 'ऑटो-म्यूट मोड' असा स्तंभ असेल, तर तोही पाहावा. हेडफोन लावल्यावर स्पीकर बंद करणारी ही सोय आहे, पण खोबणीतला संवेदक बिघडला असेल, तर कार्डाला हेडफोन कायम लावलेलाच वाटतो आणि स्पीकर बंद राहतात. ती 'डिसेबल्ड' करून पाहावी. शेवटी 'सुडो अल्सासीटीएल स्टोअर' या आज्ञेने बदल जतन करावेत.

आवाज येतो, पण तुटक येतो

चरचर आणि तुटकपणा असेल, तर 'पीडब्ल्यू-टॉप' ही आज्ञा सुरू ठेवून प्रोग्राम वाजवावा. 'ईआरआर' या रकान्यातील आकडा वाढत असेल, तर पाइपवायरला ठरलेल्या वेळेत आवाजाचे तुकडे मिळत नाहीत. एका तुकड्यात साधारणतः १०२४ नमुने असतात आणि सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या गतीने ते सुमारे २१ मिलिसेकंद पुरतात. एखाद्या प्रोग्रामने याहून खूप लहान तुकडा मागितला की धीम्या संगणकाची दमछाक होते. 'पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज ० क्लॉक.फोर्स-क्वांटम १०२४' या आज्ञेने तुकड्याचा आकार तात्पुरता पक्का करता येतो आणि शेवटी १०२४ ऐवजी ० दिल्यास तो पूर्ववत होतो. आधी असे तात्पुरते करून पाहावे, गुण आला तरच सेटिंग फाइलमध्ये लिहावे.

तुकडे वेळेवर मिळत असूनही छोट्या सूचनांचा पहिला अर्धा भाग गिळला जात असेल किंवा आवाज सुरू होताना टक् असा ध्वनी येत असेल, तर कारण वीजबचतीत शोधावे. काही सेकंद शांतता राहिली की पाइपवायर साधनाला झोपवते आणि इंटेल एचडीए ड्रायव्हरही कार्डाची वीज कमी करतो. ड्रायव्हरच्या 'पॉवर_सेव्ह' या पर्यायाला ० दिल्याने बहुतेक ठिकाणी हा त्रास जातो. बॅटरीवर थोडा भार पडतो.

ब्लूटूथ हेडफोनवर गाणे अचानक टेलिफोनसारखे कोंदट वाटू लागले, तर एखाद्या प्रोग्रामने हेडफोनचा मायक्रोफोन मागितला आहे. तेव्हा हेडफोन उत्तम दर्जाच्या ए२डीपी प्रोफाइलवरून संभाषणाच्या एचएफपी प्रोफाइलवर उतरतो. त्या प्रोग्रामला लॅपटॉपचा अंगचा मायक्रोफोन निवडून दिला की प्रश्न मिटतो. डेबियन आणि उबुंटूत हेडफोन जोडला जातो पण यादीत येत नाही, असे झाल्यास 'लिबस्पा-०.२-ब्लूटूथ' हे पॅकेज तपासावे.

दोन सल्ले टाळलेले बरे

इंटरनेटवर वारंवार भेटणारा पहिला सल्ला म्हणजे ध्वनीसर्व्हर काढून टाकून नव्याने बसवणे. त्यासोबत डेस्कटॉपची अनेक पॅकेजे निघून जाण्याचा धोका असतो आणि सेटिंग घरच्या फोल्डरातच राहत असल्याने मूळ दोष जसाच्या तसा राहतो. दुसरा सल्ला वापरकर्त्याला 'ऑडिओ' गटात घालण्याचा. आजच्या वितरणांत लॉगिन केलेल्या व्यक्तीला कार्डाचा परवाना आपोआप मिळतो. गटात घातल्यास एकाच संगणकावर दोन खाती उघडी असताना एकाचा प्रोग्राम दुसऱ्याचे कार्ड अडवू शकतो.

कर्नलच्या अद्ययावतीकरणानंतरच आवाज गेला असेल, तर संगणक चालू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीतील प्रगत पर्यायांतून आधीचा कर्नल निवडून संगणक सुरू करावा. त्यावर आवाज आला, तर आपल्या सेटिंगला हात न लावता वितरणाच्या दोषनोंदणीत दोन्ही कर्नलांचे आवृत्तीक्रमांक कळवावेत आणि सोबत 'अल्सा-इन्फो.एसएच --नो-अपलोड' या आज्ञेने तयार होणारी फाइल जोडावी. ती पाठवण्याआधी एकदा उघडून वाचावी, कारण तिच्यात संगणकाचा बराच तपशील असतो.